चार कोअरच्या चिपला जेटॅग जोडला, पण एकच कोअर थांबतो: आधी वायरिंग तपासू की कॉन्फिग?

तांबडी_तार

नमस्कार. चार कॉर्टेक्स-ए५३ कोअरच्या एका बोर्डवर आधी बेअर-मेटल (ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालणारा) कोड आणि नंतर लिनक्स, दोन्ही डीबग करायचं आहे.

सध्याची जोडणी: बोर्डवर १० पिनचा, १.२७ मिमी पिचचा डीबग कनेक्टर आहे. जेटॅग म्हणजे चिपच्या आत डोकावून कोअर थांबवायची, मेमरी वाचायची जोडणी; तिच्या पिना १.८ व्होल्टच्या: टीसीके म्हणजे क्लॉक, टीएमएस म्हणजे स्टेट बदलणारी ओळ, टीडीआय म्हणजे चिपमध्ये जाणारा डेटा, टीडीओ म्हणजे बाहेर येणारा. अ‍ॅडॉप्टर एफटी२२३२एच या यूएसबी चिपचा, त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या, म्हणून मध्ये टीएक्सबी०१०८ लेव्हल शिफ्टरचं तयार मॉड्यूल घातलं आहे. जम्पर वायर्स साधारण २० सेंमी लांब, ग्राउंडची वायर एकच. टीएमएस आणि टीडीआय या दोन्हींना बोर्डवरच १० किलोओहमचे पुल-अप (ओळ १ कडे ओढून धरणारे रेझिस्टर) आहेत. डीबगचं सॉफ्टवेअर ओपनओसीडी.

अडचणी अशा:

१. साखळी, म्हणजे जेटॅगवर जोडलेले भाग, तपासताना चिपचा आयडी कोड कधी ५बीए००४७७ असा बरोबर येतो, कधी एडीडी००२३बी येतो, तर कधी 'सगळे एक' असा एरर. क्लॉक १० मेगाहर्ट्झवरून १ वर आणि पुढे १०० किलोहर्ट्झवर आणलं, तरी काही फरक नाही.

२. बूटलोडरमध्ये असताना जोडलं तर कोअर ० थांबतो. १, २, ३ यांच्यावर एरर येतो. लिनक्स चालू असताना कोअर १ अधूनमधून थांबतो.

३. कोअर ० थांबवून ठेवला की दर वेळी सुमारे १६ सेकंदांनी बोर्ड रिसेट होतो.

४. एकाच पत्त्यावरची मेमरी दोन वेगळ्या मार्गांनी वाचली की दोन वेगळ्या किमती दिसतात.

स्कोप आणि लॉजिक अ‍ॅनलायझर दोन्ही हाताशी आहेत. नेमकं कुठून सुरू करू? आणि स्कोपचा प्रोब कुठे लावू?

---

टोकदार_एज

पहिल्या अडचणीतच बरंच उत्तर दडलं आहे. ती सुटेपर्यंत बाकीच्या तिन्हींना हात लावू नका, कारण खाली एक बिट इकडेतिकडे झाला की वर कोअरचे एरर कसेही दिसतात.

तुमचे दोन आयडी शेजारी ठेवून बघा. ५बीए००४७७ एक बिट उजवीकडे सरकवला की २डीडी००२३बी होतो. सर्वांत वरच्या रिकाम्या जागी टीडीआयवरून आत गेलेला १ आला की तोच एडीडी००२३बी. म्हणजे चिपने अ‍ॅडॉप्टरपेक्षा क्लॉकची एक एज (० वरून १ वर जाणारी उडी) जास्त मोजली. अ‍ॅडॉप्टरने एकदाच टीसीके वर नेला, चिपला तो दोनदा वर गेलेला दिसला. याला डबल क्लॉकिंग म्हणतात.

वेग कमी करून फरक पडत नाही याचं कारणही हेच. मेगाहर्ट्झ कमी केले की दोन एजमधलं अंतर वाढतं, पण प्रत्येक एज तेवढीच तीव्र राहते. ड्रायव्हरची एज काही नॅनोसेकंदांत वर जाते, वायरच्या टोकावरून परावर्तित होऊन येते आणि थ्रेशोल्डच्या आसपास डचमळते. १०० किलोहर्ट्झवरही तेच. वेग घटवल्यावर त्रास कमी झाला तर सेटअप-होल्डच्या (एजच्या आधी-नंतर डेटा स्थिर राहण्याच्या) वेळेचा किंवा टीडीओच्या उशिराचा संशय घ्यावा. अजिबात फरक पडला नाही तर टीसीकेच्या एजकडे बघावं.

आता टीएक्सबी०१०८. या जागी हा भाग चालणार नाही, आणि त्याची दोन कारणं आहेत.

एक म्हणजे दिशा आपोआप ओळखता यावी म्हणून त्याचं आउटपुट स्थिर असताना आतल्या सुमारे ४ किलोओहममधून धरलेलं असतं. म्हणूनच बाहेरचा पुल-अप ५० किलोओहमपेक्षा मोठा ठेवायला सांगतात. तुमच्याकडे तो १० किलोओहम आहे. टीएमएस खाली असताना पिनवरचं व्होल्टेज १.८ गुणिले ४ भागिले १४, म्हणजे सुमारे ०.५१ व्होल्ट. १.८ व्होल्टच्या सीमॉस पिनसाठी शून्याची मर्यादा साधारण ०.३५ पट, म्हणजे ०.६३ व्होल्ट. हातात उरले जेमतेम ०.१२ व्होल्ट. ग्राउंडची एकच वायर असताना एवढी उसळी तर सहज येते.

दुसरं, एज दिसली की त्यातला वन-शॉट काही नॅनोसेकंद जोराने ढकलतो. वायरवर रिंगिंग (एजनंतरची डचमळ) असेल तर तो वन-शॉट रिंगिंगलाच एज समजून पुन्हा उडतो. म्हणजे डबल क्लॉक स्वतःच तयार करतो.

त्याऐवजी ठरावीक दिशेचा शिफ्टर घ्या. ७४एव्हीसी४टी७७४ मध्ये चारही बिटांची दिशा वेगवेगळी ठरवता येते: टीसीके, टीएमएस, टीडीआय बाहेर, टीडीओ आत. नाहीतर ७४एलव्हीसी१टी४५ चे चार नग. शिफ्टरच्या बोर्डकडच्या बाजूचा पुरवठा कनेक्टरच्या पिन १ वरून, म्हणजे व्हीटीरेफवरून घ्या आणि तिथे १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर अगदी पायाशी लावा. व्हीटीरेफ ही बोर्डचं व्होल्टेज सांगणारी पिन आहे. अ‍ॅडॉप्टरकडून तिच्यात ३.३ व्होल्ट ढकलले तर १.८ च्या पिना जातील.

१० पिनच्या कनेक्टरचा क्रम एकदा डोळ्यांखालून घाला: १ व्हीटीरेफ, २ टीएमएस, ३ ग्राउंड, ४ टीसीके, ५ ग्राउंड, ६ टीडीओ, ७ की म्हणजे पिन नसलेली जागा, ८ टीडीआय, ९ ग्राउंड-डिटेक्ट, १० रिसेट. काही बोर्ड ९ नंबरची पिन ग्राउंडला जोडत नाहीत, म्हणून परतीच्या मार्गासाठी ३ आणि ५ वापरा. टीआरएसटी, म्हणजे जेटॅगची स्वतःची रिसेट पिन, या कनेक्टरवर नसतेच. तिच्याशिवाय अडत नाही, कारण टीएमएस १ ठेवून टीसीकेचे ५ ठोके दिले की टॅप, म्हणजे चिपमधला जेटॅग कंट्रोलर, कुठल्याही स्टेटमधून रिसेट स्टेटला येतो.

रिसेटची पिन पुश-पुल शिफ्टरमधून चालवू नका. बोर्डवरचा रिसेट आयसीही तीच ओळ खाली ओढत असतो, दोघे एकमेकांवर ढकलतात. छोटा एन-चॅनल मॉसफेट लावून फक्त खाली ओढा आणि वर जाणं बोर्डच्या पुल-अपवर सोडा.

वायर्स: लांबी १५ सेंमीच्या आत, टीसीकेच्या वायरला ग्राउंडची वेगळी वायर पीळ देऊन, टीडीओला दुसरी. टीसीके, टीएमएस, टीडीआय यांना शिफ्टरच्या आउटपुटला लागून २२ ते ३३ ओहमचा सिरीज रेझिस्टर. टीडीओचा रेझिस्टर मात्र चिपच्या बाजूला हवा, कारण ती ओळ चिप चालवते. ज्याच्याकडून सिग्नल निघतो त्याच्या तोंडाशी रेझिस्टर. दुसऱ्या टोकाला लावून परावर्तन थांबत नाही.

प्रोब कुठे? टीसीकेवर, आणि कनेक्टरवर नाही तर चिपच्या जवळात जवळ मिळेल त्या टेस्ट पॅडवर किंवा व्हायावर. ओळीच्या मधल्या ठिकाणी एजमध्ये पायरी दिसते, ती खरी असली तरी चिपला दिसणारा आकार तो नसतो. १०एक्स प्रोब घ्या आणि मगरचिमट्याची लांब ग्राउंड वायर काढून प्रोबच्या टोकावर बसणारी स्प्रिंग लावा. १५ सेंमीची ग्राउंड वायर स्वतःच रिंगिंग दाखवते, मग नसलेला दोष दिसतो. स्क्रीनवर ०.६३ आणि १.१७ व्होल्टवर दोन कर्सर ठेवा. या पट्ट्यातून सिग्नल एका दमात पार झाला पाहिजे. मध्येच मागे वळला तर तीच तुमची जादा एज.

प्रोब लावल्यावर सगळं सुरळीत चालतं आणि काढला की पुन्हा बिघडतं, असं दिसलं तर निदान झालंच समजा. १एक्सवर ठेवलेला प्रोब सुमारे १०० पिकोफॅरडचा भार टाकतो, एज मंद होते आणि डबल क्लॉक गायब होतं. १०एक्सवर तोच भार साधारण १० ते १५ पिकोफॅरड असतो.

आणखी एक: स्कोपच्या प्रोबचं ग्राउंड भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेलं असतं. ते बोर्डच्या ग्राउंडशिवाय दुसऱ्या कशालाही लागता कामा नये. बोर्डचा पुरवठा आणि लॅपटॉपचा चार्जर वेगवेगळ्या सॉकेटवर असतील तर अ‍ॅडॉप्टर जोडण्याआधी दोन्ही ग्राउंडमधलं व्होल्टेज मीटरवर बघून घ्या.

लॉजिक अ‍ॅनलायझर नंतर लावा. त्याला रिंगिंग दिसत नाही, तो फक्त ० आणि १ दाखवतो. थ्रेशोल्ड बदलता येत नसेल आणि तो दीड व्होल्टच्या आसपास ठरलेला असेल तर १.८ च्या सिग्नलवर तो स्वतःच खोट्या एज दाखवेल.

---

साखळी_चाचणी

वरच्या उत्तराला पूर्ण अनुमोदन. वायर पक्की झाली हे ठरवायची चाचणी सांगतो, मग कोअरकडे जाऊ.

नुसता आयडी बरोबर आला म्हणजे जोडणी बरोबर, असं नाही. रिसेटनंतर आयडी कोडचं रजिस्टर आपोआप निवडलेलं असतं, त्यामुळे टीडीआयची वायर तुटलेली असली तरी आयडी व्यवस्थित येतो. म्हणून तीन टप्प्यांत जा.

पहिला टप्पा. कॉन्फिग फाइलमध्ये फक्त टॅप ठेवा, आयआर (आदेशाचं रजिस्टर) लांबी ४, टार्गेट (डीबग करायचा कोअर) एकही नको. अ‍ॅडॉप्टर स्पीड १००० किलोहर्ट्झ. टेलनेट पोर्ट ४४४४ वरून 'आयआर-स्कॅन' मध्ये १४, म्हणजे बायनरी १११०, हा आयडी कोडचा आदेश स्वतः द्या, मग ३२ बिटांचा 'डीआर-स्कॅन' (डेटा रजिस्टर वाचणं). हे लूपमध्ये १०,००० वेळा. एकदाही वेगळा आकडा आला तर पुढे जाऊ नका.

दुसरा टप्पा. डॅप, म्हणजे जेटॅगवरून चिपच्या आतल्या भागांकडे नेणारं दार, जोडा आणि कंट्रोल-स्टेटस रजिस्टर वाचा. बिट २८ आणि ३० म्हणजे डीबग आणि सिस्टिम पॉवर चालू करण्याची विनंती, २९ आणि ३१ म्हणजे त्यांची पोच. चारही १ असतील तर सर्वांत वरचा हेक्स अंक एफ दिसतो. तिथे ५ दिसला तर विनंती गेली पण पोच आली नाही, म्हणजे चिपचा डीबग पॉवर डोमेन बंद आहे किंवा त्याचं क्लॉक थांबलेलं आहे.

तिसरा टप्पा. बसवर थेट जाणारा एपी (डॅपमधली एक वाट) असेल तर वापरात नसलेल्या रॅममध्ये ६४ किलोबाइट यादृच्छिक डेटा लिहा आणि परत वाचून ताडून बघा. टीडीआयचा दोष इथे हमखास उघडा पडतो. हे जमलं की मग वेग वाढवायचा. एफटी२२३२एच ३० मेगाहर्ट्झपर्यंत जातो, पण जम्पर वायर्सवर १० मिळाले तरी पुरे.

अ‍ॅडॉप्टरवरच शंका असेल तर रास्पबेरी पाय ३ किंवा ४ वर तो पारखून घ्या. तिथे जेटॅग ३.३ व्होल्टचा आहे, त्यामुळे शिफ्टर वाटेतून निघून जातो. कॉन्फिग डॉट टीएक्सटीमध्ये 'इनेबल अंडरस्कोर जेटॅग अंडरस्कोर जीपीआयओ' ही ओळ १ करा. हेडरवर टीएमएस पिन १३, टीआरएसटी १५, टीडीओ १८, टीसीके २२, टीडीआय ३७, ग्राउंड २० आणि ३९.

आता तुमची दुसरी अडचण, म्हणजे कोअर १ ते ३.

'डॅप इन्फो' चालवा आणि रॉम टेबल, म्हणजे चिपमधल्या डीबग ब्लॉकच्या पत्त्यांची यादी, पूर्ण छापून घ्या. प्रत्येक ए५३ कोअरसाठी चार नोंदी दिसायला हव्यात: डीबग, सीटीआय (कोअरमध्ये थांबण्याचे इशारे पोचवणारा), पीएमयू (कामगिरी मोजणारा) आणि ईटीएम (चाललेल्या सूचनांचा माग ठेवणारा). डीबगचा पार्ट नंबर डी०३, सीटीआयचा ९ए८. त्यांचे पत्ते कागदावर उतरवा. दुसऱ्या बोर्डच्या फाइलमधून पत्ते उचलू नका. पाय ३ आणि पाय ४ दोन्हींचा टॅप आयडी ४बीए००४७७ आहे, पण पाय ३ मध्ये कोअरच्या डीबग ब्लॉकचे पत्ते ८००१०००० पासून हेक्स २००० च्या अंतराने आणि सीटीआय ८००१८००० पासून १००० च्या अंतराने आहेत. पाय ४ मध्ये ते ८०४१०००० आणि ८०४२०००० पासून, प्रत्येकी हेक्स १००००० च्या अंतराने. आयडी डॅपचा असतो, त्यावरून आतली मांडणी कळत नाही.

मग प्रत्येक कोअरचं ईडीपीआरएसआर, म्हणजे त्याची वीज-स्थिती सांगणारं रजिस्टर, वाचा. डीबग ब्लॉकच्या पत्त्यात हेक्स ३१४ मिळवायचे. सर्वांत खालचा बिट पीयू. तो ० असेल तर त्या कोअरला वीजच नाही, त्याला थांबवणार कसं? बूटलोडर साधारणपणे एकाच कोअरवर चालतो. बाकीचे तीन पीएससीआयच्या (कोअर चालू-बंद करायला फर्मवेअरला सांगण्याची पद्धत) 'सीपीयू ऑन' कॉलपर्यंत बंद असतात, आणि तो कॉल लिनक्स करतो. काही बोर्डवर मात्र बाकीचे कोअर एका पत्त्यावर नजर ठेवून डब्ल्यूएफईमध्ये (इशाऱ्याची वाट बघणाऱ्या सूचनेत) घुटमळत असतात. ते बूटलोडरमध्येही थांबतात, कारण त्यांची वीज चालू असते.

लिनक्समध्ये कोअर १ 'अधूनमधून' थांबतो, तोही याच कारणाने. काम नसलं की कर्नलचा सीपीयूआयडल त्याची वीज काढतो. तुमचा आदेश तो जागा असताना पोचला तर थांबतो, नाहीतर एरर. कर्नलच्या कमांड लाइनवर 'सीपीयूआयडल डॉट ऑफ बरोबर १' द्या आणि पुन्हा बघा.

आणखी एक खोच. बंद कोअरचं रजिस्टर वाचायला गेलात की डॅपमध्ये स्टिकी एररचा बिट लागतो, आणि तो साफ होईपर्यंत पुढचे सगळे व्यवहार फसतात. त्यामुळे बंद असतो कोअर २, आणि एरर ३ वरही दिसतो. ओपनओसीडीमध्ये १ ते ३ चे टार्गेट 'डिफर-एक्झामिन' (तपासणी नंतर) लावून तयार करा. लिनक्स वर आल्यावर प्रत्येकाला 'एआरपी-एक्झामिन' द्या. सुरुवातीला नसलेल्या कोअरला हात लागत नाही आणि डॅप स्वच्छ राहतो.

चारही कोअर एकदम थांबणं हा वेगळा मुद्दा आहे, आणि मल्टिकोअर डीबगमध्ये मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोअर एकामागून एक यूएसबीवरून थांबवले तर दोन आदेशांमध्ये किमान एक मायक्रोफ्रेम, म्हणजे १२५ मायक्रोसेकंद जातात. १.२ गिगाहर्ट्झवर तेवढ्यात दीड लाख क्लॉक होतात. पहिला कोअर लॉक धरून थांबला, दुसरा तो लॉक मिळेना म्हणून फिरत राहिला, तिसऱ्याने टाइमआउट मोजला. तुम्हाला दिसेल ती अवस्था प्रोग्रॅममध्ये कधी नव्हतीच. सीटीआय त्यासाठी असतो. प्रत्येक कोअरचा सीटीआय क्रॉस ट्रिगर मॅट्रिक्समधून बाकीच्यांना जोडलेला असतो. एकाने चॅनलवर ट्रिगर टाकला की बाकीचे हार्डवेअरमधूनच, मोजक्या क्लॉकमध्ये थांबतात.

कॉन्फिगमध्ये प्रत्येक कोअरला त्याचाच सीटीआय द्या आणि शेवटी चारही नावं 'टार्गेट एसएमपी' (एकत्र थांबणाऱ्या कोअरचा गट) मध्ये घाला. पत्त्यांची अदलाबदल झाली तर लक्षण स्पष्ट असतं: कोअर ० ला थांब म्हटलं की तो टाइमआउट होतो आणि चालता चालता कोअर १ थांबतो. जीडीबी डीबगरमध्ये चारही कोअर थ्रेड म्हणून दिसावेत यासाठी टार्गेट तयार करताना आरटीओएसच्या जागी 'एचडब्ल्यूथ्रेड' द्या आणि पोर्ट ३३३३ ला जोडा.

तिसरी अडचण: दर वेळी तेवढेच सेकंद म्हणजे वॉचडॉग, वेळेवर टिचकी न मिळाल्यास बोर्ड रिसेट करणारा टाइमर. कोअर थांबला, त्याला टिचकी मारणारं कोणी उरलं नाही. चिपमध्ये 'डीबगमध्ये वॉचडॉग गोठव' असा बिट असेल तर तो लावा, नसेल तर बूटलोडरमध्येच वॉचडॉग बंद करा. सिस्टिम काउंटरचंही तसंच. सीएनटीसीआर रजिस्टरमध्ये एचडीबीजी नावाचा बिट आहे, त्याने हॉल्टमध्ये काउंटर थांबवता येतो. तो लावला नाही तर पाच मिनिटं थांबवून पुन्हा चालू केलेला लिनक्स आरसीयू स्टॉलच्या (कोअर फार वेळ अडकल्याच्या) तक्रारी छापतो. त्या तक्रारी खऱ्या दोषाच्या समजून त्यांच्या मागे लागू नका.

चौथी: एक वाचन कोअरमधून होतं, म्हणजे त्याच्या कॅशमधून. दुसरं एएक्सआय-एपीमधून थेट बसवर जातं, आणि चिपमध्ये तो मार्ग कॅशशी सुसंगत ठेवलेला नसेल तर रॅममधली जुनी किंमत येते. दोन्ही वाचनं आपापल्या जागी खरी आहेत. प्रोग्रॅमला काय दिसतं ते हवं असेल तर कोअरमधून वाचा, डीएमएला (कोअरशिवाय थेट मेमरी वाचणाऱ्या हार्डवेअरला) काय दिसतं ते हवं असेल तर बसवरून. लिहिताना जास्त जपा: बसवरून लिहिलेलं नंतर कॅशची मळकी (बदललेली, पण रॅममध्ये अजून न गेलेली) ओळ परत रॅममध्ये गेली की पुसलं जातं.

हाच धोका सॉफ्टवेअर ब्रेकपॉइंटला आहे. तो म्हणजे मेमरीत लिहिलेली सूचना. दुसऱ्या कोअरच्या आय-कॅशमध्ये (सूचनांच्या कॅशमध्ये) जुनी सूचना राहिली तर तो कोअर ब्रेकपॉइंटवरून सरळ निघून जातो. सुरुवातीच्या बूट कोडमध्ये हार्डवेअर ब्रेकपॉइंटच वापरा. ए५३ च्या प्रत्येक कोअरमध्ये ६ ब्रेकपॉइंट आणि ४ वॉचपॉइंट आहेत.

---

कुलूप_किल्ली

एक गोष्ट राहिली. पीयू १ आहे, रॉम टेबल दिसतं, आणि तरी कोअर थांबत नाही, असंही होतं. तेव्हा डीबग ब्लॉकमधलं हेक्स एफबी८ ऑफसेटचं डीबीजीऑथस्टेटस, म्हणजे डीबगची परवानगी सांगणारं रजिस्टर, वाचा. त्याचे खालचे ८ बिट दोन-दोनच्या जोड्यांत असतात (इन्व्हेसिव्ह म्हणजे कोअर थांबवणारं डीबग, नॉन-इन्व्हेसिव्ह म्हणजे नुसतं बघणारं): नॉन-सिक्युअर इन्व्हेसिव्ह, नॉन-सिक्युअर नॉन-इन्व्हेसिव्ह, सिक्युअर इन्व्हेसिव्ह, सिक्युअर नॉन-इन्व्हेसिव्ह. जोडीत ११ म्हणजे परवानगी आहे, १० म्हणजे सोय आहे पण बंद. एफएफ दिसलं तर सगळं मोकळं, एए दिसलं तर सगळं कुलूपबंद.

मधली स्थिती जास्त चकवते. नॉन-सिक्युअर मोकळं आणि सिक्युअर बंद असेल तर लिनक्समध्ये कोअर छान थांबतो, पण पीएससीआय कॉल करून तो ईएल३ मधल्या (सर्वाधिक अधिकाराच्या सिक्युअर पातळीवरच्या) फर्मवेअरमध्ये शिरला असेल तर तुमची हॉल्टची विनंती तो बाहेर येईपर्यंत तशीच पडून राहते. डीबगरला टाइमआउट दिसतो आणि माणूस वायर तपासत बसतो. हे सिग्नल चिपच्या फ्यूजवरून किंवा बूट फर्मवेअरच्या एखाद्या रजिस्टरवरून ठरतात, डीबगरकडून बदलत नाहीत.

---

तांबडी_तार

तिघांचेही आभार. आतापर्यंतची मापं देतो.

टीसीकेवर चिपजवळ स्प्रिंग लावून बघितलं: वर जाताना १.३ पर्यंत जाऊन ०.८ व्होल्टला परत येत होतं, मग पुन्हा वर. ७४एलव्हीसी१टी४५ चे चार नग, ३३ ओहम आणि पिळलेल्या वायर्स लावल्यावर एज सरळ झाली. १०,००० वाचनांत आयडी एकदाही चुकला नाही. रॅमची चाचणी ८ मेगाहर्ट्झला पास.

बूटलोडरमध्ये ईडीपीआरएसआर: कोअर ० चा पीयू १, बाकी तिघांचा ०. लिनक्समध्ये आयडल बंद केल्यावर चारही १, आणि डीबीजीऑथस्टेटस चारही कोअरवर एफएफ. सीटीआय जोडल्यावर चारही एकदम थांबतात. वॉचडॉग बूटलोडरमध्ये बंद केला, रिसेट गेला.

आता पुढचा प्रश्न. दोन कोअरमधली एक शर्यत, म्हणजे कोण आधी पोचतो यावर अवलंबून असलेला दोष, पकडायची आहे. थांबवलं की ती होतच नाही. कोअर न थांबवता, कुठला कोअर कधी कुठे आहे हे बाहेरून बघायचं तर काय जोडू?

---

टोकदार_एज

बोर्डवर चार मोकळ्या जीपीआयओ (कोडमधून वर-खाली करता येणाऱ्या) पिना आहेत का? प्रत्येक कोअरला एक पिन द्या, लॉजिक अ‍ॅनलायझरचे चार चॅनल त्यावर. क्रिटिकल सेक्शनमध्ये (एका वेळी एकाच कोअरने चालवायच्या कोडमध्ये) शिरताना पिन वर, बाहेर पडताना खाली. दोन पिना एकाच वेळी वर दिसल्या की शर्यत सापडली.

यात दोन पथ्यं पाळा. पिन वर-खाली करायला सेट आणि क्लिअर अशी वेगळी रजिस्टर वापरा. एकच डेटा रजिस्टर वाचून, बदलून, परत लिहिलंत तर दोन कोअर एकमेकांच्या पिना पुसतील आणि मापातच नवी शर्यत तयार होईल. दुसरं म्हणजे डिव्हाइस मेमरीवरचं लिखाण पिनपर्यंत पोचायच्या आधीच कोअर पुढे सरकलेला असू शकतो. दोन घटनांचा क्रम अगदी जवळचा असेल तर लिहिल्यावर तेच रजिस्टर एकदा वाचा, मगच पुढे जा. त्याने थोडा वेळ वाढतो, म्हणून आधी वाचनाशिवाय करून बघा आणि शर्यत दिसेनाशी होते का ते ताडा.

अ‍ॅनलायझरचा नमुना वेग १०० मेगाहर्ट्झ असेल तर १० नॅनोसेकंदांपेक्षा जवळच्या घटनांचा क्रम त्यावरून ठरवू नका. चार सिग्नलना दोन तरी ग्राउंड वायर्स द्या.

---

साखळी_चाचणी

जीपीआयओने जागा सापडली, पण तिथवर कोअर कुठल्या वाटेने आला ते हवं असेल तर ईटीएम. बाहेर ट्रेस पोर्ट काढायची घाई नको. १.२७ मिमीच्या २० पिनच्या कनेक्टरवर ट्रेस क्लॉक पिन १२ आणि डेटा १४, १६, १८, २० वर असतो. ४ बिट, १०० मेगाहर्ट्झ, दोन्ही एजवर डेटा, म्हणजे सेकंदाला ८०० मेगाबिट. चारही कोअरचा पूर्ण ट्रेस त्यात मावणार नाही, आणि जम्पर वायर्सवर तर तो वेग विसराच.

तुमच्या रॉम टेबलमध्ये ईटीएफ किंवा ईटीबी (चिपच्या आतच ट्रेस साठवणारा बफर) दिसतोय का बघा. असेल तर त्याला गोल बफरसारखा चालू ठेवा, ईटीएम फक्त संशयित दोन कोअरवर आणि तेही क्रिटिकल सेक्शनच्या पत्त्यांपुरता. फनेलमध्ये (अनेक कोअरचे ट्रेस एकत्र करणाऱ्या ब्लॉकमध्ये) दोघांचे पोर्ट उघडा आणि दोघांना वेगळे ट्रेस आयडी द्या. आयडी सारखे राहिले तर दोघांचा डेटा एकमेकांत मिसळतो आणि डीकोडरला काही उलगडत नाही. बफर थांबवायचा ट्रिगर सीटीआयवरूनच द्या: कोडमध्ये शर्यत ओळखणारी अट खरी झाली की एका ठरावीक फंक्शनमध्ये उडी, त्या पत्त्यावर हार्डवेअर ब्रेकपॉइंट, आणि त्या कोअरच्या सीटीआयमधून ईटीएफला थांबण्याचा ट्रिगर. चिपमध्ये ईटीएफ कुठल्या सीटीआयच्या कुठल्या ट्रिगर आउटपुटला जोडला आहे, ते तिच्या टेक्निकल रेफरन्स मॅन्युअलमधल्या तक्त्यात मिळेल. तो क्रमांक चिपगणिक बदलतो.

मग जेटॅगनेच बफर वाचा. तोवर कोअर थांबलेले असले तरी हरकत नाही, ट्रेस त्याआधीचा आहे.